एकोणीस सेकंदांचा दम

मजुरांवर देखरेख करणाऱ्या कुंडलिक जॉबरला भीमाशंकरचे तोंड पाहवत नसे, आणि ही गोष्ट तो रंगखात्यात कोणापासून लपवीतही नसे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत गिरणीच्या रंगखात्याचा हुतूतूचा संघ कुंडलिकच्या हाती होता. तो गड्यांना पहाटे उठवी, खारीक-खोबरे चारी, सामन्याआधी सीमारेषेवर लिंबू कापी आणि दरवर्षी पहिल्या फेरीतच घरी येई. मग पुण्याहून बी.एस्सी. होऊन भीमाशंकर खात्यात केमिस्ट म्हणून आला. कोणता रंग किती मिनिटांत सुतावर बसतो हे स्टॉप-वॉच लावून सांगणारा हा तरुण मॅनेजरला फार पसंत पडला आणि त्याने संघही त्याच्याच स्वाधीन केला. लिंबे बंद झाली. वही आली.

वहीत प्रतिस्पर्ध्यांचे दम असत. हुतूतूत चढाई करणाऱ्याने एका दमात ‘हुतूतू’ असा घोष चालू ठेवून समोरच्या गड्यांना शिवायचे आणि दम तुटण्याआधी मधली रेषा गाठायची. दम परक्या अंगणात तुटला की गडी बाद. म्हणजे भीमाशंकरच्या मते खेळाचा निकाल फुप्फुसात आधीच लागलेला असे, मैदानावर तो फक्त जाहीर होई. या मताच्या बळावर संघ लागोपाठ दोन वर्षे उपान्त्य सामन्यापर्यंत गेला आणि लागोपाठ दोन वर्षे तिथेच पडला.

या वर्षी, म्हणजे एकोणीसशे पस्तीसच्या जानेवारीत, मॅनेजरने त्याला कचेरीत बोलावले. कुंडलिक आधीच तिथे उभा होता.

“यंदा आपला संघ अखेरच्या सामन्यात दिसला नाही,” मॅनेजर म्हणाला, “तर पुढच्या वर्षापासून तो पुन्हा कुंडलिककडे. वाद नको.”

“वाद कशाला,” कुंडलिक म्हणाला. “साहेबांनी वही सांभाळावी, मी गडी सांभाळतो.”

भीमाशंकरने मान हलवली. त्या संघाखेरीज सोलापुरात त्याचे म्हणावे असे काही नव्हते. बिऱ्हाडात तो एकटा, खात्यात सर्वांच्या वरचा म्हणून एकटा. संध्याकाळी मैदानावर सात माणसे त्याच्या शिटीवर हलत, तेवढाच वेळ त्याला आपण कुठेतरी जोडलेले आहोत असे वाटे. असे वाटण्याला प्रमाण काय, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता. एरवी तो सर्वांना विचारी.

स्पर्धेत चार-चार संघांचे दोन गट होते. रंगखात्याच्या गटात रंगखाते आणि सरकी-प्रेसचा संघ, दोघेही दोन-दोन सामने जिंकून पुढच्या फेरीत गेलेले. आपसातला शेवटचा सामना फक्त पहिला कोण आणि दुसरा कोण हे ठरवणार होता. दुसऱ्या गटात याच गिरणीचे मागखाते पहिले आणि कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्याचा संघ दुसरा, हे ठरून चुकले होते. नियमाप्रमाणे एका गटातल्या पहिल्याची गाठ दुसऱ्या गटातल्या दुसऱ्याशी. प्रेसला हरवले तर समोर कुर्डुवाडी. प्रेसशी हरले तर समोर मागखाते.

पाहणाऱ्या कोणालाही यात विचार करण्याजोगे काही दिसले नसते. भीमाशंकरला दिसले, कारण त्याने मोजले होते.

दुसऱ्या गटाचा प्रत्येक सामना आणि बहुतेक सराव त्याने पाहिले होते. त्या संघांच्या शेजारी बसणे त्याला अप्रशस्त वाटे. तो समोरच्या बाजूला, साठ फुटांवर, कडुलिंबाच्या बुंध्याशी खुर्ची टाकी. हे अंतर त्याने अंदाजाने घेतले नव्हते. सांगोल्याकडच्या धुळाला, आपल्या संघातल्या सर्वांत लांब दमाच्या गड्याला, त्याने एकदा मैदानापलीकडे उभे केले होते आणि स्वतः हळूहळू मागे सरकत बोलत राहिला होता. साठ फुटांवर धुळाने हात हलवला होता: काय बी ऐकू येत न्हाय. प्रयोगशाळेत लागलेल्या सवयीप्रमाणे भीमाशंकर प्रत्येक आकडा लिहिण्यापूर्वी स्पष्ट उच्चारी, म्हणजे डोळा आणि हात यांच्यामध्ये चूक शिरत नाही. नाव, आकडा, मग नोंद. “रेल्वे, डावा चढाईवाला, एकोणतीस.” आणि लिहायचे.

रेल्वेचे आकडे सरळ होते: एकोणतीस, तीस, एकोणतीस. लोखंड ठोकणारी माणसे, छाती भरलेली, बदल नाही. मागखात्याचे तसे नव्हते. त्यांचा कप्तान चनमल्लप्पा याचा पहिल्या सरावातला आकडा चौतीस होता. पुढे सव्वीस. मग एकवीस. मग एकोणीस, आणि पुन्हा एकोणीस. इतर गड्यांचेही असेच उतरत गेले होते. ते जिंकत होते ते निव्वळ पकडीच्या जोरावर.

उतरत्या आकड्यांना कारण हवे, आणि ते भीमाशंकरला सापडले. मागखात्यात कापसाची कूस आणि खळीची भुकटी दिवसभर हवेत तरंगते. हिवाळ्यात खिडक्या बंद. बारा तास ती हवा ओढायची आणि संध्याकाळी चढाया करायच्या. फुप्फुस किती दिवस साथ देईल? उपपत्ती निर्दोष होती. तिच्याशी न जुळणारा एकच आकडा होता, पहिला. बटण दाबण्यात उशीर झाला असावा. भीमाशंकरने चौतीसवर पट्टी ठेवून एक रेघ ओढली आणि समासात लिहिले: ‘निरीक्षणदोष. वगळला.’

प्रेसच्या सामन्याच्या सकाळी त्याने कप्तान मानसिंगला बाजूला घेतले. मानसिंग रंगाच्या हौदावर काम करी. त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे निळे होते.

“आज हरायचे आहे,” भीमाशंकर म्हणाला.

मानसिंग हसला. मग हसायचा थांबला.

“काय म्हनला?”

“दोन-तीन गुणांनी. कुर्डुवाडीचा दम तिसाचा आहे, मागखात्याचा एकोणीसचा. आपल्याला मागखाते हवे.”

“साहेब, मागवाल्यांनी रेलवेला हाणलंय. डोळ्यांनी बघितलंय की आमी.”

“एका गुणाने. आणि रोज उतरत आहेत. तू डोळ्यांनी पाहिलेस, मी घड्याळाने.”

“आन् गड्यांस्नी काय सांगू? की बाबांनो, आज पाय लटपटू द्या?”

“काही सांगू नकोस. तू आणि धुळा दोघांनीच चढाया आखडत्या घ्या.”

मानसिंगने आपल्या निळ्या हातांकडे पाहिले. “मंद्रूपच्या बाजारात आमचा बाप माझ्या नावानं मिशीला पीळ देतो. त्याला कुनी सांगितलं तर?”

“कोण सांगणार?”

“तुमी न्हाय सांगणार. तुमी कुनाशी बोलतच न्हाय.” एवढे बोलून तो गेला. दुपारी तीन गुणांनी तो हरला. धुळाला खोटे खेळता येत नव्हते. तो दोनदा उगाचच सीमारेषेबाहेर गेला आणि लोकांनी त्याच्यावर शेंगांची टरफले फेकली. कुंडलिक पहिल्या रांगेत होता. त्याने काही फेकले नाही. तो फक्त लिंबाच्या बुंध्याकडे, खुर्चीकडे पाहत राहिला.

पुढचे दहा दिवस भीमाशंकरने एकच गोष्ट घोटून घेतली. समोरचा चढाईवर आला की मागे सरायचे, शिवू द्यायचे नाही आणि मनातल्या मनात मोजायचे. एकोणीसला त्याचा दम तुटायला येतो, त्याचे पाय रेषेकडे वळतात. त्याच क्षणी सातांनी मिळून झडप घालायची. सकाळी तीस वेळा, संध्याकाळी तीस वेळा. भीमाशंकर घड्याळ घेऊन उभा. “सतरा, अठरा, एकोणीस!” शिटी. झडप. आठव्या दिवशी शिटीची गरज उरली नाही. सात माणसे एका यंत्रासारखी एकोणीसवर मिटू लागली, आणि भीमाशंकरला तीन वर्षांत प्रथमच कामाचे समाधान वाटले.

दहाव्या दिवशी कापडाच्या एका ताग्यावर रंग डागाळला. खळ नीट धुतली गेली नव्हती, हे उघड होते. पण ती मुळात किती लावली हे पाहायला हवे होते. एरवी मागखात्यातून कापडाचे तुकडे गोजरबाई घेऊन येई. कापड भीमाशंकरकडे येत असे, तो कधी कापडाकडे गेला नव्हता. त्या दिवशी गोजरबाई रिकाम्या हाताने आली आणि म्हणाली, “मुकादम म्हनतोय, साहेबांनीच येऊन बघावं.” म्हणून तो गेला.

दार उघडताच आवाजाची भिंत अंगावर आली. तीनशे माग एकाच वेळी चालत होते. धोटे इकडून तिकडे फेकले जात होते. पायांखालची फरशी थरथरत होती. भीमाशंकरने मुकादमाला काही विचारले आणि आपलाच शब्द आपल्याला ऐकू आला नाही. मुकादमाने मात्र त्याच्या तोंडाकडे पाहिले, मान डोलावली आणि नेमका हवा तो तागा काढून दिला.

हे विचित्र आहे, एवढे भीमाशंकरच्या ध्यानात आले. त्याने वर पाहिले. एका रांगेच्या टोकाला चनमल्लप्पा उभा होता. दुसऱ्या टोकाला, मध्ये दहा माग सोडून, त्याच्याच संघातला चन्नवीर. चनमल्लप्पाचे ओठ हलले. चन्नवीर खदखदून हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले. मग त्याचे ओठ हलले आणि तिसऱ्या रांगेतला एक तेलुगू विणकर, जो मराठी बोलताना अडखळे, तोही हसू लागला. तिघे भीमाशंकरकडे पाहत होते.

बाहेर आल्यावर त्याने गोजरबाईला विचारले, “ती माणसे काय करत होती?”

“बोलत हुती की.”

“त्या आवाजात?”

“आवाजात कसं बोलनार, साहेब? ओठांनी बोलत्यात. समद्या खात्यात तसंच हाय. पोरगं नवं लागलं की दोन म्हैन्यांत शिकतं. मला बी येतं.”

“मग ते काय बोलत होते?”

गोजरबाईने पदर तोंडाशी नेला. “ऱ्हाऊ द्या.”

“सांगा.”

“‘एकोणीस आला,’ म्हनत हुते. तुमचं नाव पडलंय तितं. लई दिवस झालं.”

भीमाशंकर तिथेच, कोळशाच्या ढिगाशी उभा राहिला. त्याला पुढचे काही विचारावे लागले नाही. साठ फूट. लिंबाचा बुंधा. तोंडावर मावळतीचा उजेड. ‘चनमल्लप्पा, चौतीस.’ स्पष्ट उच्चार, मग नोंद. दुसऱ्या दिवशी सव्वीस. आणि तो सव्वीस उच्चारताना आपण समाधानाने मान हलवली होती, हेही त्याला आठवले. त्या मान हलवण्यावर त्यांनी पुढचे आकडे बेतले होते. त्याने आवाज मोजला होता. उजेड मोजायचे त्याला सुचले नव्हते.

संध्याकाळी सरावाला कुंडलिकही येऊन बसला होता. भीमाशंकरने सर्वांना जवळ बोलावले आणि प्रकरण क्रमाने सांगितले: निरीक्षण, दोष, परिणाम. मागखात्याचा दम एकोणीस नाही. किती आहे हे माहीत नाही. बहुधा चौतीस.

मग धुळा म्हणाला, “मागवाले ओठ वाचत्यात, ह्ये तर समद्यांस्नीच ठावं हाय की.”

“तुला माहीत होते?”

“माझी बायकू कांड्या भरते तितं. घरात भांडन झालं तर नुसती ओठ हलवती, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हनून.”

“मग मला सांगितले का नाहीस?”

“तुमी साठ फुटांवर बसून एकटंच बोलता, ह्ये मला कुटं ठावं हुतं?”

भीमाशंकर कुंडलिककडे वळला. “आणि तुम्ही? तुम्ही पाहत होतात, मी बोलत होतो ते.”

“व्हय,” कुंडलिक म्हणाला. “पैल्या दिसापास्नं.”

“तरी बोलला नाहीत.”

“तुमी कवा इचारलं, बीएस्सी? तीन वर्सं झाली. लिंबू कापलं तर म्हनला, पुरावा काय. खारीक दिली तर म्हनला, पुरावा काय. म्हनलं, आता पुरावाच बघू या.”

“संघ तुमच्याही खात्याचा आहे.”

“खात्याचा हाय. माझा न्हाय. माझा हुता.”

भीमाशंकरने त्याच्यावरून नजर काढली. रागावण्याचा अधिकार आपण गमावला आहे, हे त्याला कळत होते, आणि राग मात्र तसाच होता. “एक उपाय आहे,” तो म्हणाला. “ते माझे ओठ वाचतात, हे मला कळले आहे हे त्यांना ठाऊक नाही. उद्या मी समोर बसून खोट्या सूचना बोलेन. ‘डावा कोपरा धरा’ म्हणेन, तुम्ही उजवा धरा.”

“न्हाय,” मानसिंग म्हणाला.

“का?”

“येकदा तुमच्या सांगन्यावरनं खोटं खेळलो. धुळ्याच्या डोक्यावर अजून टरफलं हायेत. आता उद्या पुन्ना खोटं? मागवाल्यांनी आपल्याला फशिवलं ते खेळून फशिवलं. आमी तुमच्या तोंडानं न्हाय खेळनार.”

“मग मी काय करू?”

“तोंडाला फडकं बांधा,” मानसिंग म्हणाला. “ब्लीचिंगच्या खोलीत बांधतो तसलं. आन् गप बसा.”

गडी हसले नाहीत. ते हसले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मैदान भरले होते. भीमाशंकर आपल्या संघामागे, बाकावर, नाकाखाली जाड पांढरे फडके बांधून बसला. ब्लीचिंगच्या वासाने त्याचे डोळे चुरचुरत होते. समोरच्या बाजूला चनमल्लप्पाने ते पाहिले. त्याने कपाळाला हात लावून वाकून नमस्कार केला. मागखात्याच्या माणसांत हशा उसळला. कोणाला तो दिसला, कोणाला ऐकू आला.

खेळ मात्र चांगला झाला, हे भीमाशंकरला मान्य करावे लागले. धुळाने पहिल्याच चढाईत दोघांना शिवले आणि एकतीसला परतला. मानसिंगने चन्नवीरला घोट्याशी धरून रेषेआधी दाबले. निम्म्या वेळी रंगखाते दोन गुणांनी पुढे होते. चनमल्लप्पा अजून चढाईला आलाच नव्हता. तो राखून ठेवला होता.

अखेरच्या पाच मिनिटांत गुण समसमान झाले. आता चनमल्लप्पा उठला, दंड थोपटले आणि मधली रेषा ओलांडली. भीमाशंकरने बटण दाबले.

“हुतूतूतूतू...”

रंगखात्याचे सात गडी अर्धवर्तुळात मागे सरले. सकाळीच त्याने प्रत्येकाला वेगळे गाठून सांगितले होते: मोजू नका. एकोणीस विसरा. त्याच्या पायांकडे पाहा. सातांनी मान डोलावली होती, आणि ती मनापासून होती. दहा. बारा. चनमल्लप्पा घाई करत नव्हता. तो डावीकडे झुके, उजवीकडे वळे, कोणालाही शिवायचा प्रयत्न करत नव्हता. पंधरा. भीमाशंकरला एकाएकी तो कशाची वाट पाहत आहे हे कळले, आणि फडक्याआड त्याचे तोंड उघडले. सराव खुल्या मैदानावर झाला होता. सतरा, अठरा, एकोणीस! हे ओरडताना तोंडावर फडके नव्हते.

अठराला चनमल्लप्पाने मुद्दाम टाच रेषेकडे फिरवली.

एकोणीसला सात माणसे मिटली. मोजायचे नाही असे ठरवूनही शरीरांनी मोजले होते. दहा दिवस, रोज साठ वेळा जे पायांत भरले ते एका सकाळच्या सूचनेने निघणार नव्हते. रंग सुतावर बसल्यानंतर नुसत्या पाण्याने जात नाही, हे भीमाशंकर नव्या माणसांना स्वतःच शिकवी. झडप आली तेव्हा चनमल्लप्पा तिथे नव्हता. तो खाली वाकून मानसिंगच्या बगलेखालून मागे गेला होता, आणि त्याचा घोष तसाच, एकसुरी, न तुटलेला चालू होता. त्याने धुळाच्या पाठीला हात लावला, मग मानसिंगच्या, मग तिसऱ्याच्या. एकमेकांत अडकलेली माणसे वळून उठेपर्यंत तो रेषेकडे चालू लागला होता. धावला नाही. रेषा ओलांडल्यावर त्याने घोष थांबवला, आणि भीमाशंकरने बटण दाबले.

उरलेल्या वेळात रंगखात्याने एक गुण काढला. सामना दोन गुणांनी गेला.

मानसिंग पंचांशी हात मिळवून बाकाशी आला, अंगावरची माती झटकली आणि भीमाशंकरकडे न पाहता कुंडलिकसमोर उभा राहिला. “मामा, उद्यापास्नं किती वाजता?”

“पाचाला,” कुंडलिक म्हणाला. मग तो भीमाशंकरकडे वळला. “शिटी.”

भीमाशंकरने गळ्यातली शिटी काढून दिली.

“घड्याळ बी खात्याचंच ना?”

“रंगाच्या कामासाठी आहे. ते माझ्याकडे राहील.”

“ऱ्हाऊ द्या. आमाला नको.” कुंडलिकने शिटी धोतराला पुसली. “फडकं सोडा आता, बीएस्सी. कोन बघत न्हाय तुमच्याकडं.”

हे खरे नव्हते. मैदानापलीकडे, लोकांच्या खांद्यांवर चढलेला चनमल्लप्पा सरळ त्याच्याकडे पाहत होता. त्याने एक हात वर केला आणि त्याचे ओठ हलले. थोडे शब्द, अगदी सावकाश, शिकाऊ माणसाशी बोलावे तसे. भीमाशंकरने ते एकाग्रतेने पाहिले. त्याला त्यातून काहीही कळले नाही.

गोजरबाई बायकांच्या घोळक्यात जवळच उभी होती.

“काय म्हणतो तो?” त्याने विचारले.

तिने यावेळी पदर तोंडाशी नेला नाही. “‘आता लिही,’ म्हनतोय.”

भीमाशंकरने मुठीतले घड्याळ उघडून पाहिले. मग वही काढली, चनमल्लप्पाचे पान उलटले आणि पेन्सिल टेकवली. लिहिण्यासारखे काही उरले नव्हते. आकडा तिथे होताच, पहिल्या ओळीत, पट्टीने ओढलेल्या सरळ रेघेखाली. त्याने समासातले दोन शब्द खोडले आणि सवयीने, फडक्याआड, आकडा उच्चारला.